शेवटचं कडवं

रील पाहणारा माणूस शेवटच्या कडव्यापर्यंत पोचत नाही. धृपद ऐकतो, फार तर पहिलं कडवं, आणि तेवढ्यात अंगठा वर सरकतो. आपल्याकडे मात्र गाणं लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यातच असतं. तुकोबांचा अभंग त्यांच्या नावानं संपतो. उर्दू गझलेत शायराचं टोपणनाव मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात येतं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ भेटतो तो बहुधा अखेरीला. छापखाना नाही, कायदा नाही, लिहिणारा स्वतः हजर नाही, तरी गाणाऱ्याच्या तोंडून आपलं नाव पुढच्या गावाला जावं, अशी ती तजवीज होती. गाणं उचलणाऱ्याला ते नाव काढायचं तर यमक मोडावं लागायचं, मात्रा बसवाव्या लागायच्या. आता तेवढेही कष्ट नाहीत. शेवटचं कडवं गायलंच नाही की काम झालं.

मी जुन्या जालन्याची. गाणी लिहिते, चाली लावते आणि स्वतःच गाते. कुठल्या कंपनीची नाही, कुठल्या पार्टीची नाही, कुठल्या मंडळाची पगारी नाही. पेपरवाले हल्ली अशा माणसाला ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतात. ऐकायला झोकदार आहे. पण स्वतंत्र कलावंताला मालक नसतो, हे काही खरं नाही. त्याला बारा महिन्यांचे बारा मालक असतात, आणि माझ्या बाबतीत प्रत्येकाला माझं नाव वेगळं हवं असायचं.

त्याचं कारण घरात आहे. अब्बा जुन्या जालन्याचे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेलं हे गाव. आमच्या गल्लीत दखनी बोलली जायची, अजूनही बाजारात, रिक्षा स्टँडवर ऐकू येते. आईचं माहेर बेथेलकडचं. बेथेल हे जालन्याजवळचं ख्रिस्ती गाव. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवलं. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली. सुरुवातीला तिथं आलेल्यांत मांग समाजाची माणसं पुष्कळ होती. आईचे आजोबा त्यांतलेच, हलगी वाजवणारे. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी हलगी खुंटीला लावली ती कायमची, असं आई सांगायची. पण बाकावर बोटांनी ठेका धरल्याशिवाय ‘उपासना संगीता’तलं एक गीत त्यांना म्हणता यायचं नाही, हेही तीच सांगायची.

आईअब्बांचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, कचेरीत झालं. दोन्हीकडच्या मंडळींनी तोंड फिरवलं. मी झाले तेव्हा दोन्हीकडून दुपटी आली, आणि विषय मिटला. निदान आमच्यापुरता.

दादीकडे जातं होतं आणि आज्जीकडेही. पिठाची गिरणी आली तरी दोघींनी डाळ भरडायला, सणाचं दळायला जातं ठेवलं होतं. दादी दळताना दखनीत गायची. अशा गाण्यांना चक्कीनामा म्हणतात, हे मला पुष्कळ पुढं कळलं. विजापूरच्या सूफींनी दळणाऱ्या बायकांसाठी ही गाणी रचली, आणि दळता दळता अल्लाचं नाव ओठांवर यावं अशी त्यांची बांधणी केली. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांवर सविस्तर लिहिलं आहे. आज्जीच्या ओव्या मराठी. त्यांत सीता होती, भाऊ होता, माहेरची वाट होती आणि मध्येच येशूही यायचा. तिला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. पाळकबुवांपुढे म्हणायची गाणी वेगळी आणि जात्यापुढची वेगळी, एवढाच हिशोब.

दोघींच्या भाषा निराळ्या, देव निराळे, पण लय एकच. याचं कारण दगडात आहे. जात्याचा खुंटा आपल्याकडे ओढताना जोर लागतो, पलीकडे जाताना हात हलका होतो. म्हणून फेरा एकसारखा पडत नाही. अर्धा जड, अर्धा हलका. ओवीची ओळ जड अर्ध्यावर सुरू होते आणि हलक्या अर्ध्यावर लांबते. जात्यात धान्याचा घास टाकायला हात मोकळा करावा लागतो, तिथं गाणं थबकतं. दोघी समोरासमोर बसल्या असतील तर एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची. माझ्या सगळ्या चाली या थबकण्यावर उभ्या आहेत. पहिल्यांदा स्टुडिओत गेले तेव्हा रेकॉर्डिस्टनं कानाला हेडफोन लावून क्लिक चालू केली. टक, टक, टक, टक. म्हणाला, “ताई, ह्याच्यावर गा.” मी गायले. ओवी त्या क्लिकवर बसेना. त्यानं वेग कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. शेवटी मी हेडफोन काढून ठेवला आणि डाव्या हातानं मांडीवर जातं ओढायला लागले. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. मध्ये मध्ये मांडीवरची थाप ऐकू येते.

ओवीत कुणाचीच नाममुद्रा नसते. दळणारीला आपलं नाव घालायचं सुचलं नाही, किंवा सुचलं तरी घालायची पद्धत नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, आणि गाणारणीचं नाव, गावाचं नाव सोबत दिलेलं असतं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथं आहेत. जमल्यास ऐका. ज्यांच्या आज्ज्यांनी जन्मभर निनावी गायलं, त्यांची नावं कुणीतरी नीट लिहून ठेवली, हे काम मला मोठं वाटतं.

माझ्या नावाचा घोळ पोस्टरपासून सुरू झाला. “ताई, पूर्ण नाव काय टाकू?” हा आयोजकांचा पहिला प्रश्न. मी सांगायची ते त्यांच्या कामाचं नसायचं. उरुसाच्या कमिटीनं अब्बांकडचं नाव टाकलं. नाताळच्या कार्यक्रमाला आईकडचं आलं. जयंतीच्या मंडळानं आडनाव गाळून नुसतं पहिलं नाव ठेवलं, वर ‘भीमकन्या’ जोडलं. एकदा एका गावात नवरात्रात गायचं होतं, तिथल्या पुढाऱ्यानं अगदी प्रेमानं सांगितलं, “आम्हाला काय नाही ओ, पण लोकं इचारतेत.” मग पोस्टरवर ‘सुप्रसिद्ध लोकगायिका’ एवढंच छापून आलं. नावाशिवाय प्रसिद्ध होणारी मी एकटीच असेन. पेटीवाला मात्र तोच, हलगीवाला तोच, आणि बिदागी सगळीकडे जवळपास सारखीच कमी.

या रस्त्यानं आधी एक माणूस गेला होता, त्याचा मला आधार वाटतो. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, संपात पुढं म्हणून तुरुंग, मग कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत. मेहबूबचा अमर शेख झाला तो त्याच दिवसांत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आवाज कुठवर पोचला हे मराठी माणसाला सांगायला नको. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं होतं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. मला त्यांच्यातलं महत्त्वाचं वाटतं ते जरा निराळं आहे. हा माणूस मार्क्सवाद नंतर शिकला. गळ्यावर पहिला संस्कार आईचा, मुनेरबींचा. मुसलमान आईच्या तोंडची मराठी लोकगीतं ऐकत वाढलेल्या मुलाला ‘तू नक्की कुणाचा’ हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. तो विचारणारेच दुसरे असतात. त्यांची मुलगी, कवयित्री मल्लिका, आडनावाच्या जागी बापाचं अख्खं घेतलेलं नाव लावते. त्या नावाला मागं जात नाही, गाव नाही; त्यांनी कमावलं तेवढंच त्यात आहे.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्याचे पैसे मिळावेत म्हणून काम करणारी आयपीआरएस ही संस्था त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. नुसता योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही. अमर शेखांच्या पिढीतल्या शाहिरांनी लाखांच्या सभा हलवल्या, आणि गाण्याची मालकी नावाची काही वस्तू असते हा विचार त्यांच्या आसपासही नव्हता. वामनदादांचंही तेच. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेला हा माणूस हजारो गाणी लिहून गेला. त्यांतली कितीतरी आज दुसऱ्यांच्या नावावर वाजतात.

नाममुद्रा कोणती घ्यावी, हा विचार मीही बरीच वर्षं केला. जालन्याचे कवी राय हरिश्चंद्र साहनी ‘दुःखी’ या टोपणनावानं लिहीत. त्यांच्या नावानं इथं काव्यपुरस्कार दिला जातो. अब्बा म्हणायचे, “तखल्लुस रखना तो ऐसा रखना के लोगाँ पूछना, कौन है ये.” मी नदीचं नाव घेतलं. कुंडलिका. जुनं जालना आणि नवं जालना यांच्या मधून ती वाहते. आता वाहते म्हणणं उदारपणाचं आहे. पावसाळा सोडला तर तिच्यात पाणी थोडं आणि बाकीचंच जास्त. पण दोन्ही काठ तिचेच आहेत. माझ्या एका ओवीचा शेवट असा आहे :

खालची तळी थीर, वर पाळ गं फिरते
कुंडलिका म्हणे, पीठ दोघींतून झरते

झालं असं की लोकांना ते माझंच नाव वाटलं. आता बदनापूर-भोकरदनकडे मला ‘कुंडलिकाताई’ म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही.

कॅसेटच्या काळात एका कंपनीनं माझं एक गाणं घेतलं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ती बंद पडली, आणि तशा तेव्हा गल्लोगल्ली होत्या. पाचशे रुपये रोख आणि एका छापील पावतीवर सही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात जेवढी गाणी कोंबता येतील तेवढी कोंबायची, म्हणजे गिऱ्हाइकाला भरगच्च वाटतं. त्यासाठी प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं कापलं. कॅसेट हातात आली तेव्हा आतल्या कागदावर गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, आणि गीतकाराच्या जागी छापलं होतं ‘पारंपरिक’. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. एवढी तरुण परंपरा मी तरी पाहिली नव्हती. गाणं चाललं. लग्नाच्या वरातीत वाजलं, रसवंतीच्या दुकानात वाजलं. एकदा बसमध्ये ड्रायव्हरनं लावलं, शेजारची बाई मान डोलवत होती. तिला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? माझं नाव तर त्यात कुठंच नव्हतं.

२०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांनी गाण्याचे हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीला नाही. आयपीआरएसची त्या कायद्याखाली नव्यानं नोंदणी झाली २०१७ मध्ये. मोठमोठ्या फिल्मी गीतकारांनी त्यासाठी भांडण केलं, आणि त्याचा फायदा आमच्यासारख्यांनाही झाला हे कबूल केलं पाहिजे. मात्र कायदा आपोआप चालून येत नाही. आपण सभासद व्हावं लागतं, गाणं नोंदवावं लागतं, आणि मुळात ते आपलं आहे हे दाखवावं लागतं.

मधल्या काळात पोट भरलं ते पंचांगावर. एप्रिलमध्ये जयंत्या. बाबासाहेबांच्या जयंतीची १४ तारीख एकच, पण प्रत्येक वस्तीला गायक हवा असतो, म्हणून जयंती पुढं सरकत जूनपर्यंत चालते. आमच्या हंगामाचं गणितच ते. आषाढीला आनंदी स्वामींच्या देवळापाशी गर्दी, तिथं भजनाची मंडळं. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. भाषणं लांबतात आणि आमच्या वाट्याला दोन गाणी येतात. मग नवरात्र, उरूस, नाताळ. निवडणूक लागली की प्रचारगीतं. सगळ्यात चोख पैसा त्यात, आणि सगळ्यात पडेल गाणीही त्यातच. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह यमकात बसवून द्यायचं. नाव अवघड असलं की दर वाढवायचा. ही गाणी मी माझ्या वहीत लिहीत नाही.

सरकारी योजनांची कलापथकंही केली. स्वच्छता, लसीकरण, पाणी. पैसे उशिरा, पण गावोगावचे पार बघायला मिळाले. २०१३ चा दुष्काळ मात्र कामाचा म्हणून आठवत नाही. त्या वर्षी जालन्यात नळाला पाणी नव्हतं, टँकरमागं भांडणं व्हायची. शहराला पाणी देणारा निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला होता, आणि लोक त्यातला गाळ काढायला पुढं आले. तिथं आम्ही गायलो ते बिदागी न ठरवता. तलावाच्या तळाशी उभं राहून गाताना आवाज कसा जातो, हे तेव्हा कळलं. भिंत नाही, छत नाही, पाणी नाही. हलगी सोडून काहीच ऐकू जाईना. पेटी तर मुक्यासारखी. तेव्हापासून उघड्यावरच्या कार्यक्रमात मी पहिलं गाणं फक्त हलगीवर घेते.

हलगीचंही एक आहे. कातड्याची हलगी पावसात उतरते, मग स्टेजमागं कागद नाहीतर पाचट पेटवून ती शेकावी लागते. बोटानं टिचकी मारून पाहायचं. ‘धप’ येतंय तोवर शेकायचं, ‘टण्ण’ आलं की उचलायचं. क्षणभर उशीर झाला तर कातडं तडकतं. हल्ली नटबोल्टची फायबरची हलगी मिळते, पान्यानं आवळायची. तिला ऊन-पाऊस सारखाच. माझा हलगीवाला भाऊ तीच वापरतो, आणि त्याचं बरोबर आहे; त्याला एका रात्रीत दोन वस्त्या करायच्या असतात. रेकॉर्डिंगला मात्र मी कातड्याचीच मागते. काळी एकमध्ये गाताना तिच्या मागं जी घुमारी राहते, ती फायबरला येत नाही. आईच्या आजोबांनी खुंटीला लावलेली हलगी असलीच असणार.

यूट्यूबवर असंच ऐकता ऐकता मला रिॲनन गिडन्स सापडली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाची. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. ती बँजो वाजवते. आपल्या मिरवणुकीत वाजतो तो नव्हे. तिचा बँजो कातड्याचा आणि तारांचा, आपल्या तुणतुण्याच्या नात्यातला. त्या वाद्याला तिकडं गोऱ्या खेडुतांचं वाद्य समजत, पण ते आलं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर. ही बाई जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवाल्याकडे जाऊन बसली आणि त्याच्याकडून जुन्या चाली शिकली. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या, अरबीत आत्मचरित्र लिहिणाऱ्या उमर इब्न सईद या गुलामावर तिनं मायकल एबल्स यांच्यासोबत ऑपेरा रचला. त्याला २०२३ चा पुलित्झर मिळाला. तिच्यामागं संस्था आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आपली तुलना नाही. पण कार्यक्रमात ती चाल कुणाकडून आली ते सांगते, आणि त्यानं तिचं काही कमी होत नाही, हे मी बघून ठेवलं. तेव्हापासून मीही सांगते : ही चाल दादीची, हा ठेका पणजोबांचा, शब्द माझे. लोक टाळ्या वाजवतात त्या बहुधा पणजोबांना असतात.

शब्द माझे आणि चाल जात्यावरची, हा फरक मी कागदावरही पाळते. गाणं नोंदवताना चालीच्या रकान्यात ‘पारंपरिक चालीवर आधारित’ असं लिहिते. एका तरुण संगीतकारानं मला वेड्यात काढलं. त्याच्या मते ओवी जी पहिल्यांदा रेकॉर्ड करील तिची. असल्या लोकांनी आपल्या आज्जीच्या तोंडचं गाणं स्वतःच्या नावावर चढवलं आहे. माझं गाणं ‘पारंपरिक’ म्हणून छापणारा आणि परंपरेचं गाणं स्वतःचं म्हणून नोंदवणारा, दोघे एकाच जातीचे.

मोबाइल आल्यावर आमच्या धंद्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. साधे मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ फिरले आणि महाराष्ट्रभर त्यांचा आवाज पोचला. कंपनी नाही, कॅसेट नाही. हे आधी अशक्य होतं. दुसरी गोष्ट माझ्यावर बेतली. कॅसेटवरचं माझं तेच गाणं कुणीतरी डीजेच्या ठेक्यावर चढवलं, शेवटचं कडवं अर्थातच गाळून, आणि ते रीतसर स्वतःच्या नावावर डिस्ट्रिब्युटरमार्फत अपलोड केलं. यूट्यूबच्या यंत्रणेला गाणं ओळखता येतं, लिहिणारी ओळखता येत नाही. तिनं माझ्याच जुन्या व्हिडिओवर हक्क लागल्याची सूचना पाठवली. म्हणजे माझं गाणं मी गाते आणि जाहिरातीचे पैसे त्याला. मी हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. माझ्याकडे आकाशवाणीच्या रेकॉर्डिंगचा जुना करार होता, त्यावर गाण्याची पहिली ओळ आणि गीतकार म्हणून माझं नाव टाईप केलेलं. तो जोडला. त्यानं दावा मागं घेतला, मुदत संपायच्या आतच. फोनवर म्हणाला, “मावशी, मला वाटलं जुनं लोकगीत आहे.” त्यात खोटं बोलत नव्हता बिचारा, कॅसेटच्या कागदावर तसंच छापलं होतं.

कागद कसा उपयोगी पडतो ते पुन्हा एकदा कळलं, मानधनाचा अर्ज करताना. राज्य सरकार पन्नाशी उलटलेल्या गरजू कलावंतांना दरमहा मानधन देतं. २०२४ पासून ते ५,००० रुपये आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं कला सादर केल्याचे पुरावे लागतात : पोस्टरं, कात्रणं, प्रमाणपत्रं. मी फाईल घेऊन गेले. बाबूनं पोस्टरं टेबलावर मांडली. एकावर अब्बांकडचं नाव, एकावर आईकडचं, एकावर नुसतं पहिलं, एकावर ‘सुप्रसिद्ध लोकगायिका’, बाकी सगळ्यांवर कुंडलिका. त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, “ह्या बाया किती?” त्याचं चुकत नव्हतं. मग स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की या सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे. नोटरीनं शिक्का मारला. एवढ्या वर्षांत मी कोण, हे सरकारी कागदावर स्वच्छ लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे.

आता माझ्याकडे शिकायला मुलं-मुली येतात. कुणी भीमगीतं लिहितं, कुणी रॅप करतं, एक पोरगा मशिदीतली नात, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत, आणि वारकरी चाल एकत्र करू पाहतो. चांगलं लिहितात. त्यांना मी चालीच्या आधी कागद शिकवते, आणि वाचकांत कुणी गाणी लिहिणारं असेल तर त्यांनाही तेच सांगते. गाणं पुरं झालं की शब्द तारखेसकट लिहा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. स्टुडिओत जायच्या आधी गीत कुणाचं, चाल कुणाची, पैसा कसा वाटायचा हे एका कागदावर घ्या. नात्यातल्या माणसाबरोबर असलं तर हमखास घ्या. कोऱ्या पावतीवर सही करू नका. चाल जुनी असेल तर ती कुणाकडून ऐकली त्या बाईचं, त्या बुवाचं, त्या गावाचं नाव लिहा. आणि मंडळवाले, शाळावाले, रील टाकणारे, तुम्हालाही विनंती आहे : व्हिडिओखाली गाणाऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचंही नाव टाका, माहीत नसेल तर गाणाऱ्याला विचारा. हक्क गाणं लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही; पण भांडण झालं तर नोंदणीचा कागद कामाला येतो. कॉपीराइट कार्यालयात गीताच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो.